उपचारानंतर दिवस राहिले आणि डाग दिसला, तर?

मैत्रिणींनो, मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बायका आपल्या गटांतही आहेत. कुणी गोळ्या-इंजेक्शनं घेतलीत, कुणी आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब केलंय. त्यासाठी दागिने मोडलेत, कर्ज उचललंय. पण बैठकीत यावर कुणी बोलत नाही. बैठक संपून सगळ्या उठल्या की हळूच बाजूला घेऊन विचारतात, "ताई, दिवस राहिलेत, पण काल डाग दिसला. गेलं का सगळं?"

पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गरोदर बाईला थोडंफार अंगावरून जातं. उपचार न घेतलेल्या बायकांनाही जातं. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचे दिवस पुढे नीट जातात. म्हणून डाग दिसला की गर्भ पडलाच, असं धरू नका. आणि "होतं असं" म्हणून दुखणं अंगावरही काढू नका. डाग कशाचा आहे हे घरात बसून कुणालाच सांगता येत नाही. सासूबाईंना नाही आणि मलाही नाही.

उपचारानंतर डाग दिसायची काही खास कारणं असतात. गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा जेल खालून आत ठेवायला देतात. त्याने आतला नाजूक भाग चुरचुरतो आणि थोडा गुलाबी किंवा तपकिरी स्राव दिसू शकतो. कधी पिशवीत गर्भाच्या बाजूला रक्त साठतं आणि थोडं थोडं बाहेर येतं. दोन गर्भ सोडले असतील तर कधी एकाची वाढ थांबते, दुसरा मात्र वाढत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाग दिसला म्हणून औषधं स्वतःहून बंद करू नका. एका ताईंना सातव्या आठवड्यात लाल डाग दिसला. घरचे म्हणाले, "पाळीच आली ही, आता कशाला ती महागडी औषधं?" ताईंनी गोळ्या बाजूला ठेवल्या होत्या. नशीब, आशाताई घरी आल्या आणि त्यांनी लगेच दवाखान्यात फोन करायला लावला. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले! काहींना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या किंवा इंजेक्शनंही चालू असतात. तीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच थांबवायची.

थोडा डाग असेल तर त्याच दिवशी उपचार केंद्राला फोन करा. पण तासाभरात पूर्ण पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, पोटात एका बाजूला जोराची कळ येत असेल, खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा ताप असेल, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. शहरातल्या आपल्याच डॉक्टरांकडे जायचं म्हणून थांबू नका. गर्भ नळीत राहिला असेल तर नळी फुटून आत रक्तस्राव होतो, आणि बाहेर मात्र थोडंच दिसतं. "डॉक्टरांनी गर्भ पिशवीतच सोडला, मग नळीत कसा जाईल?" असं वाटतं, पण जाऊ शकतो.

जाताना उपचाराची फाईल घ्या. गर्भ कोणत्या तारखेला सोडला, कोणती औषधं चालू आहेत, हे नव्या डॉक्टरांना त्यातूनच कळतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांगा, अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते विचारा. पॅड किती वेळात भिजलं तेही लक्षात ठेवा.

पलंगावर पडून राहिल्याने गर्भ टिकतो, असं सिद्ध झालेलं नाही. जड काम आणि संबंध डॉक्टर सांगतील तोवर टाळा, पण घरात चालल्या-फिरल्याने काही बिघडत नाही. आणि काही वेळा गर्भ खरंच जातो. सुरुवातीलाच गर्भ जाण्याचं सगळ्यात मोठं कारण गर्भाच्या घडणीतच असतं. हंडा उचलला, गाडीवर बसली, कुणाची नजर लागली, म्हणून नाही. अशा वेळी त्या बाईला "एवढा पैसा घातला आणि..." हे वाक्य कुणी ऐकवू नये. घरच्यांनी तर नाहीच. तिला सोबत द्या, तिचं बोलणं ऐका. रडली तर रडू द्या.

गटाच्या अध्यक्ष-सचिवांना एक सांगणं. अशा वेळी रात्री-अपरात्री गाडीभाडं आणि सोनोग्राफीला पैसे लागतात, मासिक बैठकीची वाट बघता येत नाही. तातडीचं अंतर्गत कर्ज द्यायचा नियम गटात आधीच ठरवून ठेवा. इतिवृत्तात कारण म्हणून 'आरोग्य' एवढंच लिहा. बाकी काही लिहायची गरज नाही.