गिदोनाचा प्रश्न

गतवर्षीं पवित्र शास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला. त्याची धाकटी बहीण थोड्याच दिवसांपूर्वीं तापानें वारली होती. "गुरुजी, आम्ही घरीं सर्वांनीं प्रार्थना केली, मग देवानें ऐकलें कां नाहीं?" वर्ग स्तब्ध झाला. "असे प्रश्न विचारूं नयेत, खालीं बैस," असें आम्हीं त्यास म्हटलें. तो बसला, आणि पुढें पुष्कळ दिवस त्या तासाला त्यानें तोंड उघडलें नाहीं. वर्गांत शांतता झाली खरी. पण ती श्रद्धेची नव्हती, हें आम्हांस उशिरां कळलें. हा लेख त्या मुलाचें देणें आहे.

शास्ते ह्या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. मिद्यानी लोक सात वर्षें इस्राएलांस नागवीत होते. पीक उभें राहिलें कीं ते उंट घेऊन टोळधाडीप्रमाणें येत व शेतें फस्त करीत. म्हणून गिदोन गव्हाची मळणी खळ्यावर न करितां द्राक्षकुंडांत लपून करीत होता. ज्यांच्या घरीं शेती आहे त्यांस ह्यांतलें दुःख सांगावयास नको. खळें वाऱ्याच्या तोंडीं असावें लागतें. खड्ड्यांत बसून गहूं झोडपणाऱ्यास वारा कोठून मिळणार? अशा ठिकाणीं देवदूत येऊन त्यास सांगतो कीं, परमेश्वर तुझ्यासंगतीं आहे. गिदोन हुरळून जात नाहीं. तसें असेल तर आमची ही दशा कां, वाडवडिलांनीं सांगितलेलीं अद्भुत कृत्यें कोठें गेलीं, असें तो सरळ विचारतो. देव त्यास रागें भरत नाहीं. त्याच्या प्रश्नाचें उत्तरहि देत नाहीं. त्यास कामावर पाठवितो.

लोकरीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे : एका सकाळीं लोकर ओली व भूमि कोरडी, दुसऱ्या सकाळीं लोकर कोरडी व भूमि ओली. परंतु मुलें, आणि कित्येक उपदेशकहि, क्रम विसरतात. लोकर पसरण्यापूर्वींच एका रात्रीं गिदोनास आपल्या बापाची बआलाची वेदी मोडण्याची आज्ञा झाली होती. घरच्यांच्या व गांवकऱ्यांच्या भयानें त्यानें तें काम दिवसा केलें नाहीं. दहा चाकर बरोबर घेऊन रात्रीं केलें. पण केलें. सकाळीं सारा गांव त्याच्या जिवावर उठला. त्याची शंका फिटली नव्हती, भय गेलें नव्हतें, लोकर अजून घरांतच होती. आज्ञा मात्र पाळली गेली होती. खूण मागणारा गिदोन हा असा आहे. काम टाळावें म्हणून खुणा मागत बसणारा मनुष्य निराळा, आणि तसे विद्यार्थी आमच्या ओळखीचे आहेत!

आपल्या प्रांतांतील पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पण आपल्या शंका त्यांनीं झांकून ठेविल्या नाहींत. तेथील धर्मभगिनींशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला म्हणजे उभय पक्षीं किती दुःख झालें तें दिसतें. गप्प बसणें त्यांस सोपें गेलें असतें. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत विधवांसाठीं शारदासदन उघडलें; अंतःकरणास हवें होतें तें समाधान त्यानंतर मिळालें, असें त्यांच्याच लेखावरून समजतें. पुढें त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि ज्या पुस्तकानें त्यांस इतके प्रश्न घातले त्याचें मराठी भाषांतर त्यांनीं १९२२ सालीं, मरणाच्या थोडें आधीं, पुरें केलें.

आईबापांस एकच विनंति : मुलानें देवाविषयीं अवघड प्रश्न विचारिला तर आमच्यासारखें त्यास खालीं बसवूं नये. उत्तर येत नसेल तर येत नाहीं म्हणावें.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं आम्हीं त्या मुलास बोलावून घेतलें व उत्तर आमच्याजवळ नाहीं हें आधीं कबूल केलें. बराच वेळ तो पायाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी अजून रोज प्रार्थना करितों, गुरुजी, पण रागानें करितों. तें चालेल काय?" स्तोत्रें लिहिणाऱ्यांनींहि तसें केलें आहे, असें आम्हीं सांगितलें. कोणत्या स्तोत्रांत, असें त्यानें लगेच विचारिलें. आम्हीं १३ व ८८ हे आंकडे सांगितले, आणि ८८ वें अंधारांतच संपतें, हेंहि सांगून ठेविलें. त्यानें वही काढून दोन्ही आंकडे लिहून घेतले.