तळ्यांतील माशांचें स्वस्त खाद्य

थळच्या शेतकऱ्यापाशीं भाताचा कोंडा व शेण असतां, गोड्या तळ्यांतील रोहू, कटला व मृगळ यांसाठीं महाग खाद्य आणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. प्रथम कुजलेलें शेणखत बेतानें घालून पाणी हिरवट करावें. त्यांतील सूक्ष्म जीव हेंच सर्वांत स्वस्त अन्न होय. त्यास जोड म्हणून बारीक कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग भिजवून, माशांच्या एकूण वजनाच्या शेंकडा 2 ते 3 इतकें खाद्य रोज सकाळीं टोपलींतून पाण्यांत सोडावें. दोन तासांनीं टोपलींत उरलेलें दिसल्यास दुसरे दिवशीं प्रमाण कमी करावें. उरलेलें अन्न कुजून पाण्यांतील प्राणवायु खातें. मग स्वस्त कोंडाही महाग पडतो. पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडूं लागल्यास खत व खाद्य तत्काळ थांबवून ताजें पाणी सोडावें.