परसातील कुत्र्यासाठी कमी खर्चाचे कुंपण

राखणीचा कुत्रा मोकाट सुटला की शेळ्या-कोंबड्यांमागे लागतो; पिसाळलेला कुत्रा त्यास चावल्यास घरातील माणसांच्याही जिवावर बेतते. कुंपण उंच असले तरी कुत्रा खालची माती उकरून निसटतो. म्हणून तळ आधी पक्का करावा.

बांधावरील बाभळीचे 7 फुटी डांब 6 फुटांवर, 2 फूट खोल रोवावेत. गाडावयाच्या भागास डांबर फासावे. 6 फूट रुंदीच्या जाळीचा खालचा 1 फूट भाग आतील बाजूस काटकोनात वळवून मातीत दाबावा व वर दगड रचावेत. फाटकाखाली फरशी बसवावी. काटेरी तार वापरू नये. कुंपणात वीज मुळीच सोडू नये. आत सावली व पाणी ठेवावे. कुंपण झाले तरी रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी.