धान्याचे राजकारण : अर्थहित आणि राष्ट्रभावना

राष्ट्राराष्ट्रांतील स्नेहाची व वैराची कारणे सांगणारे लोक दोन पक्षांचे असतात. एक पक्ष म्हणतो, सारे अर्थाच्या पाठीमागे चालते. तत्त्वे ही वरची गवसणी. दुसरा म्हणतो, राष्ट्राभिमान हीच खरी प्रेरणा. व्यापार तिचा अनुचर. दोन्ही मते एकान्तिक आहेत. वस्तूचे एकच अंग पाहणारा ती वस्तू पुरती पाहत नाही, हे अनेकान्ताचा संस्कार लाभलेल्या आपल्या समाजास निराळे सांगावयास नको. हा विषय आपल्या नित्याच्या मालावरून, म्हणजे धान्यावरून, समजून घेणे सोपे जाईल.

१. साहाय्य आणि विक्री

१९५४ साली अमेरिकेने सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० संमत केला. आपल्या पेढ्यांवर तो ‘पी. एल. ४८०’ या नावानेच परिचित होता. त्याच्या मूळ नावात ‘कृषिव्यापाराचा विकास’ आधी व ‘साहाय्य’ नंतर आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. सरकारी आधारभावामुळे तेथील कोठारे गव्हाने भरली होती व साठवणीचा खर्च वाढत होता. त्याच वेळी नवस्वतंत्र देश साम्यवादाकडे झुकू नयेत, हाही हेतू होता. वखार रिकामी व्हावी आणि मित्रही जोडला जावा, अशी ही दुहेरी योजना होती.

भारतापाशी परकीय चलन तुटपुंजे होते; रुपयांत मूल्य स्वीकारणारा विक्रेता त्यास सोयीचा होता. १९५६ मध्ये पहिला करार झाला. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ आणण्याचा करार केला.

पुढे १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली. त्या वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार न करता थोडथोडा गहू सोडण्याचे धोरण धरले. भारताने स्वतःच्या शेतीकडे लक्ष द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारत करीत असलेल्या टीकेची नाराजीही त्यात होती. उधारीवर जगणाऱ्या दुकानदाराने सावकाराच्या वागणुकीवर बोलू नये, असाच हा न्याय!

हा अपमान देशाच्या वर्मी लागला. परंतु केवळ स्वाभिमानाने कणीस भरत नाही. अन्नमंत्री चि. सुब्रह्मण्यम् यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणविले. शेतकऱ्यास किफायतशीर भावाची हमी दिली. १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन झालेच होते. १९७१ अखेर भारताने ही सवलतीची आयात थांबविली. येथे राष्ट्रभावनेने संकल्प दिला, अर्थहिताने तो शेतात उतरविला.

२. बंदीचा धडा

डिसेंबर १९७९ मध्ये रशियाने अफगाणिस्तानात सैन्य घातले. अध्यक्ष कार्टर यांनी ४ जानेवारी १९८० रोजी रशियास जावयाचे सुमारे १ कोटी ७० लाख टन धान्य रोखले. रशियाने अर्जेंटिनाकडे मागणी वळविली. तेथील लष्करी राजवट कट्टर साम्यवादविरोधी होती; तरी चढा भाव मिळताच तिने माल दिला. इकडे अमेरिकन शेतकरी असंतुष्ट झाला. रशियाचे कडवे विरोधक असलेल्या रेगन यांनीच एप्रिल १९८१ मध्ये ही बंदी उठविली.

३. आपल्या दारी

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि काळ्या समुद्रातून निघणाऱ्या गव्हाचा मार्ग खुंटला. जगात भाव चढले. भारतातून निर्यात वाढेल, अशी आशा असताना उष्णतेच्या लाटेने येथील पीक घटले आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. त्या तारखेपर्यंत ज्यांची अपरिवर्तनीय पतपत्रे निघाली होती, त्यांना सूट होती. इतरांच्या मालमोटारी कांडला बंदराबाहेर खोळंबल्या. व्यापाऱ्याचे नुकसान खरे होते. देशातील ग्राहकाच्या भाकरीची चिंताही खरी होती. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही.

निष्कर्ष

नेता राष्ट्राच्या नावे बोलू लागला की कोणाच्या कोठारात काय पडून आहे, हे पाहावे. तो केवळ व्यवहाराची भाषा बोलू लागला की कोणाचा अभिमान दुखावला आहे, हे पाहावे. परदेशी सौदा करताना भावाबरोबर राजनीतीचीही जोखीम हिशेबात धरावी. पतपत्र हाती आल्यावाचून खरेदी फुगवू नये. आणि टंचाईच्या काळी साठा दडवू नये. अपरिग्रह हे व्रत तर आहेच. शिवाय दडविलेले पोते हेच नव्या निर्बंधास निमित्त होते व त्याचे प्रायश्चित्त साऱ्या बाजारपेठेस भोगावे लागते.