मुक्या भिंतींची शिकवण

शाळेत शिक्षक बोलून शिकवितात. भिंती न बोलता शिकवितात. पहिल्या शिकवणीची परीक्षा होते, दुसरीची होत नाही. म्हणूनच की काय, ती अधिक खोल रुजते. देऊळ, वाडा, सभागृह व वर्ग यांची रचना मनुष्याच्या वर्तनास आणि दृष्टीस कसे वळण लावते, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम आपल्या फलटणातील जबरेश्वराच्या देवळाकडे चला. हे देऊळ हेमाडपंती धाटणीचे आहे. या धाटणीत चुन्याचा आधार न घेता घडीव चिरे एकमेकांवर बसविलेले असतात. अशा देवळात उन्हातून सभामंडपात व तेथून गाभाऱ्याकडे जाताना उजेड क्रमाक्रमाने कमी होत जातो. पाऊल आपोआप मंदावते, आवाज खाली येतो. 'येथे हळू बोलावे' अशी पाटी लावावी लागत नाही.

आता मुधोजी मनमोहन राजवाड्यात या. नाईक निंबाळकरांचे संस्थान 1948 साली विलीन झाले. तरीही ते कोरीव लाकूडकाम व ते चौक पाहताना आजचा पाहुणा नकळत अंग सावरून उभा राहतो. राज्य गेले, वास्तूचा हुकूम मात्र राहिला.

राज्यकर्त्यांनीही हे मर्म ओळखले आहे. लंडन येथील कॉमन्स सभागृह 1941 साली बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा बांधण्याचा प्रश्न 1943 साली निघाला, तेव्हा चर्चिल यांनी अर्धवर्तुळाकार रचना नाकारून समोरासमोर बाकांचा जुना लांबट आकारच राखावा असा आग्रह धरला. पक्ष बदलणाऱ्यास मधली मोकळी जागा सर्वांदेखत ओलांडावी लागते, आणि ते पाऊल मनुष्य विचार करूनच टाकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

तथापि रचना जसा विनय शिकविते, तसा अन्यायही शिकविते. आपल्याच जिल्ह्यात, सातारा येथे, 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकर या बालकाचे नाव शाळेत घातले गेले. त्यास आपल्या क्रमाने इतर मुलांत बसण्याची मुभा नव्हती. कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून आणावे व सायंकाळी परत न्यावे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. त्या कोपऱ्याने एका मुलास अपमान भोगावयास लाविले. परंतु उरलेल्या सर्व मुलांस 'हे असेच असावयाचे' हा धडा दिला. दुसरा धडा अधिक घातक होय, कारण तो शिकणाऱ्यास आपण काही शिकत आहो याची जाणीवच नसते.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यांतील कोणी गवंडी होईल, कोणी इंजिनिअर, कोणी शिक्षक. भिंत उभारताना वा बाके मांडताना एवढेच विचारा: येथे सर्वांत मागे कोण बसणार, आणि त्यास फळा दिसेल काय?

हाच प्रश्न आम्ही स्वतःस विचारला, तेव्हा खजील झालो. आमच्या वर्गात मागील कोपऱ्यात वर्षभर तीच चार मुले बसत, आणि आमचे प्रश्न पुढच्या दोन रांगांपलीकडे जात नसत. आता आम्ही दर सोमवारी रांगा बदलतो. त्या चौघांचे आवाज आम्हांस प्रथमच ऐकू येऊ लागले आहेत.