दगडी पाला

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकापासून ग्रंथालयाकडे जाणाऱ्या मुरमाड वाटेच्या कडेला एक केसाळ पानांचे झुडूपवजा गवत बारा महिने फुललेले असते. कोणी त्याला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी, कोणी एकदांडी. खरचटलेल्या गुडघ्यावर त्याचा रस पिळावा, हे खेड्यातल्या पोरांना शिकवावे लागत नाही.

एकदांडी हे नाव मला सर्वांत नेमके वाटते. भुईलगत पसरलेल्या फांदीतून वीतभर लांब, पाने नसलेला दांडा उभा राहतो आणि त्याच्या टोकाला एक फूल. वास्तविक तो फुलांचा गुच्छ आहे. मधले पिवळे ठिपके म्हणजे नळीसारखी अनेक फुले. कडेची प्रत्येक फिकट पाकळी म्हणजेही एक स्वतंत्र फूल, टोकाला तीन दाते असलेले. शेवंती, सूर्यफूल, झेंडू याच कुळातले. फळ बारीक, डोक्यावर पिसांचा झुबका. वारा त्याला कुठेही नेतो. लिनिअसने १७५३ साली या वनस्पतीला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे नाव दिले.

तिचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ साली. तेव्हा चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरीही आपण तिला सरसकट 'ऋषिमुनींचे औषध' म्हणून मोकळे होतो. यात आपल्याच माणसांवर अन्याय होतो असे मला वाटते. बांधावर आलेले हे नवखे तण चोळून, हुंगून जखमेवर लावले ते एखाद्या गुराख्याने किंवा खुरपणाऱ्या बाईने. पोथी पाहून नव्हे. आजीच्या बटव्यात अशी किती तरी नवी भर पडली असेल!

परकी म्हणून तिला हिणवण्याचेही कारण नाही. मिरचीही तिकडचीच, पण तिला परकी म्हणण्याची छाती कोणाची आहे? उलट गाजरगवतही अमेरिकेतलेच आणि याच कुळातले. पुण्यात ते १९५५ साली दिसले आणि पुढे त्याने देशभर शेते व्यापली, लोकांच्या अंगाला खाज आणली. गंमत अशी, की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकदांडीचीच गणना सरकारी यादीतल्या उपद्रवी तणांत होते. आपल्याकडे मात्र भर उन्हाळ्यात छोट्या निळ्या फुलपाखरांना मध पुरवते ती हीच.

प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमांवर या पाल्याच्या अर्काचा उपयोग झाल्याचे आढळले आहे. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा. ते काम पाल्याचे नव्हे.