पुढचे पेन कोणते घ्यावे

चंद्रपूर

चि. भाच्यास,


पुढचे शाईचे पेन ठरवताना आधी रोजची वही पाहावी. पेनाचा रंग, क्लिप आणि कंपनीचे नाव यांचा विचार त्यानंतर. कागद सोडून पेन जोखताच येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात हे कोणालाही पटावे, कारण इथल्या जंगलातल्या बांबूचा कागद बल्लारपूरच्या गिरणीत होत आला आहे. तिची कंपनी 1945 सालची. कागद करताना लगद्याला खळ देतात. खळ पुरेशी असली की शाई वरच राहून वाळते. कमी पडली की शाई तंतूंच्या वाटेने पसरते, अक्षराला केस फुटतात आणि मागच्या पानावर डाग उमटतात. बाँड कागदावर सुरेख चालणारे पेन स्वस्तातल्या वहीत फिसकटते ते यामुळेच. असल्या वहीसाठी बारीक निब आणि निबेखालची, बेताने शाई सोडणारी जीभ हवी.

निब हा निवडीचा गाभा आहे. फाईन, मीडियम, ब्रॉड या मापांना सर्वत्र एकच प्रमाण नाही. जपानी फाईन साधारणपणे युरोपीय एक्स्ट्रा फाईनच्या जवळ जाते. देवनागरीला हा फरक फार जाणवतो. आखीव वहीच्या एका ओळीत शिरोरेघ, वरची मात्रा, रफार, खालचा उकार आणि जोडाक्षरे एवढे सगळे बसवायचे असते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळे ठेवणारी मुख्य खूण म्हणजे शिरोरेघेतली जराशी फट. निब जाड आणि कागद शोषणारा असला की ती फट बुजते, आणि परीक्षकाला धन वाचावे की घन हे कळेनासे होते. बारीक अक्षराच्या विद्यार्थ्याला म्हणूनच जपानी फाईन किंवा युरोपीय एक्स्ट्रा फाईन योग्य. ज्याच्याकडे असे पेन आधीच आहे, त्याने त्याच मापाचे दुसरे केवळ रंगासाठी घेऊ नये. त्याला खरी नवी गोष्ट मिळेल ती स्टब निबेतून: उभी रेघ जाड, आडवी बारीक. मथळे, पत्रे, सुवाच्य नकला यांसाठी ती उत्तम. घाईच्या टिपणांसाठी नाही.

यानंतर शाई भरण्याची पद्धत. इथे चंद्रपूरची हवा आडवी येते. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायच्या पेनात शाई भरपूर मावते, पण शाई संपत आली की नळीत हवा उरते आणि हातात धरल्यावर ती तापून फुगते. खोलीतले 25 अंश आणि उन्हातले 45 अंश यांत हवेचे आकारमान सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. नळीत दीड मिलिलिटर हवा असेल तर साधारण दोन थेंब शाई बाहेर ढकलली जाते आणि नेमकी वहीवर पडते. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जाणाऱ्या गावात अशा पेनाची नळी अर्ध्याहून अधिक रिकामी होऊ देऊ नये, आट्यांना थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे आणि पेन निब वर करून खिशात ठेवावे. शाई ओढून घेणारा छोटा कन्व्हर्टर असलेल्या पेनात हवा कमी, म्हणून हा त्रासही कमी. टोपण मात्र घट्ट बसणारेच हवे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सैल टोपणाखालची निब रात्रीतून सुकते.

ड्रॉपरची पेने टाकाऊ ठरत नाहीत. राजमहेंद्रीच्या कोसुरी वेंकट रत्नम यांनी 1932 मध्ये सुरू केलेली रत्नम पेने याच जातीची. ती इबोनाइटची असतात, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची. 1935 च्या जुलैत गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून रत्नम यांच्या पेनाची वाखाणणी केली होती. बल्लारपूरजवळून वाहणारी वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि ते पाणी राजमहेंद्रीवरून समुद्राला जाते. कागदाचे गाव आणि पेनाचे गाव असे एकाच पाण्यावर आहेत. हाताने घडवलेले असे एखादे पेन संग्रहात जरूर असावे, मात्र ते घरी टेबलावर लिहिण्यासाठी. इबोनाइट उन्हात ठेवले की काळे अंग तपकिरी पडते.

नवे पेन घेण्याआधी जुने पेन साध्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवून पाहावे. बिघडले म्हणून बाजूला टाकलेल्या कित्येक पेनांच्या जिभेत फक्त वाळलेली शाई अडकलेली असते, आणि खरेदी तिथेच टळते.

शाईचा खर्च पेनाच्या हिशेबातच धरावा. मुंबईत 1931 साली दांडेकर बंधूंनी शाईच्या धंद्यात पाऊल टाकले, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली; त्यांची साधी शाई रोजच्या लेखनाला पुरेशी आहे. धुऊन निघणारी निळी शाई पेनाला सौम्य, पण पावसाळ्यात दप्तर भिजले की पान कोरे होते. गडचिरोलीच्या जंगलात नोंदी ठेवणाऱ्याने पाण्याला टिकणारी, फाउंटन पेनासाठीच बनवलेली शाई घ्यावी आणि ते पेन दोन-तीन आठवड्यांनी धुवावे. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई कोणत्याही पेनात भरू नये. तिच्यातली लाख जिभेत बसली की सहसा निघत नाही.

तुझा मामा